मेश्राम बाईंचा पहिला खेळ

मेश्राम बाई आमच्या शाळेत रुजू झाल्या आणि तिसऱ्याच दिवशी त्यांनी माझ्याकडे मोजा मागितला. जोडी नाही, एकच.

“लोकरीचा असला तं बरं होईन, सर. आणि धुतलेला.”

जूनचा महिना, अंगातून घामाच्या धारा लागलेल्या, आणि ही बाई लोकरीचा मोजा मागते! मी म्हटलं, “घरी आहे एक जोडी. पण काऊन?”

“आणा तं खरं.”

दुसऱ्या दिवशी नेऊन दिला. बाईंनी तो एका काच तडकलेल्या जुन्या मोबाईलवर चढवला, सुतळीने तोंड आवळलं आणि पटांगणात उभ्या राहून दोन मिनिटं नुसत्या ऐकत राहिल्या. मग मोबाईलवर घेतलेला आवाज माझ्या कानाशी लावला. हापशीच्या दांड्याची करकर, मागच्या नाल्याचं पाणी, पाचवीच्या पोरांनी लावलेला पाढ्यांचा सूर, सगळं स्वच्छ. वाऱ्याची फरफर तेवढी नाही.

“वारा मोज्याच्या बाहेरच राहते,” बाई म्हणाल्या.

मी विज्ञानाचा शिक्षक. ध्वनीचा धडा इतकी वर्षं फळ्यावर काढत आलो, पण ही गोष्ट मला सुचली नव्हती. सुचली नव्हती याचा मला तेव्हा रागच आला. आज कबूल करायला हरकत नाही.

आमची शाळा धानोऱ्यापासून आत, जंगलाच्या रस्त्यावर. आठवीपर्यंतचे वर्ग, चार शिक्षक आणि निम्म्याहून जास्त मुलांची घरची भाषा गोंडी. मी मूळचा घुग्घुसचा, कोळशाच्या धुळीत वाढलेला. मुक्काम धानोऱ्यात ठेवला होता आणि शाळा सुटली की गाडीला किक मारून मोकळा होत होतो. बाईंनी मात्र आल्या आल्या गावातच खोली घेतली. त्या ब्रह्मपुरीकडच्या, धानाच्या मुलखातल्या. ठेंगण्या, झपझप चालणाऱ्या, सुती साडीखाली खेळाचे बूट घालणाऱ्या. हसायला लागल्या की शेजारच्या वर्गातली मुलं शिकणं सोडून खिडकीकडे बघायची. पदराला मुरमुऱ्यांची पुडी बांधलेली असायची आणि बोलता बोलता चार मुरमुरे तोंडात टाकायची सवय होती. शिकवायच्या मराठी. त्याबरोबर मुलांना मोबाईलवर सिनेमा करायला शिकवायचं हे त्यांच्या डोक्यातलं खूळ. कुठल्यातरी शिबिरात चार दिवस शिकून आल्या होत्या आणि बाकी सगळं स्वतः खटपट करून. सांगितलं कुणी नव्हतं आणि थांबवायची कुणाची छाती नव्हती.

सिनेमा म्हटल्यावर पोरं पहिल्या दिवशी मोबाईलवर तुटून पडली. बाईंनी इकडून तिकडून जमवलेले तिन्ही जुने मोबाईल कपाटात टाकले आणि किल्ली कमरेला खोचली. खडूच्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून वीतभर चौकटी कापून घेतल्या आणि एकेक मुलाच्या हातात दिल्या.

“महिनाभर याच्यातून पाहा. जे पाहाल ते मले तोंडानं सांगा. तोंडानं दिसलं तं मोबाईलात दिसते. तोंडानं नाई दिसलं तं मोबाईल काय जादू करून राह्यला?”

मग पोरं चौकटी डोळ्यांसमोर धरून गावभर हिंडायला लागली. कुणी विहिरीसमोर उभं, कुणी गोठ्यासमोर, कुणी एखाद्याच्या घरासमोर एक डोळा मिटून पुढे-मागे सरकतंय. गावाने याचा अर्थ आपल्या परीने लावला. तिसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या फाटकाशी दहा-बारा माणसं उभी. हातात आधार कार्ड, रेशन कार्ड, प्लास्टिकच्या पिशवीत सातबारा. सगळ्यात पुढे एक म्हातारे पाटील, धोतर झटकलेलं, टोपी घातलेली.

“बाई, घरकुलाची मोजणी सुरू झाली म्हणते. आमच्या मोहल्ल्यात तुमचे पोट्टे आलेच नाई. आमचं काऊन सोडलं?”

दुसरं कुणी असतं तर हसून परत पाठवलं असतं. बाईंनी सगळ्यांना व्हरांड्यात बसवलं, पुठ्ठ्याची चौकट पाटलांच्या हातात दिली आणि म्हणाल्या, “भाऊ, आता तुमी यातून तुमचं घर पाहा, अन् सांगा मले काय दिसते ते.” पाटलांनी चौकट धरली, दूर आपल्या घराकडे रोखली आणि पोरांसारखा एक डोळा मिटला. मग म्हणाले, “छपराचा वासा वाकला ना बाप्पा. रोज पाहतो, पण दिसला नाई.” त्या दिवसापासून गावात कुणी बाईंच्या पोरांना हटकलं नाही. पाटलांनी वासाही बदलून घेतला.

माझं आणि बाईंचं मात्र जमत नव्हतं. शनिवारचा शेवटचा तास माझा, गणिताचा. बाई तो सर्रास पळवायच्या. मुलं मोबाईल घेऊन तळ्याकडे आणि मी रिकाम्या बाकांना अपूर्णांक शिकवतोय. मी मुख्याध्यापक गुरनुले सरांकडे लेखी तक्रार केली. होय, लेखी. जावक क्रमांकासह. गुरनुले सर भांडणाला भिणारे गृहस्थ, त्यांनी कागद तसाच बाईंच्या हातात दिला.

पुढच्या शनिवारी बाई माझ्या तासाला आल्या आणि मागच्या बाकावर पोरींमध्ये बसल्या. पूर्ण तास बसल्या. वहीत उतरवून घेतलं, हात वर करून दोन शंका विचारल्या, आणि त्या शंकाही बऱ्या होत्या. तास संपल्यावर म्हणाल्या, “सर, तुमी एक तृतीयांश शिकवून राह्यले ना? मले तोच पायजे.” मग पुठ्ठ्याच्या चौकटीला खिळ्याने भोकं पाडून त्यांनी उभे दोन आणि आडवे दोन दोरे ओवले. चित्र तीन भागांत पाडायचं आणि माणूस मधोमध कोंबायचा नाही, दोऱ्यावर उभा करायचा. “आता हे तुमी शिकवा. मले गणित येत नाई.” गणित त्यांना चांगलं येत होतं. पण मी शिकवलं. त्या महिन्यात एक तृतीयांश सगळ्या वर्गाला पक्का झाला आणि शनिवारचा तास आपोआप आम्हा दोघांचा झाला. तक्रारीचा कागद बाईंनी मला कधी दाखवला नाही, टोमणाही मारला नाही.

शूटिंगचे त्यांचे नियम थोडे होते. एक, पाय रोवून उभं राहायचं आणि श्वास धरायचा. दोन, मोबाईल सुरू केला की मनात दहापर्यंत मोजायचं, त्याआधी हलायचं नाही. गोंडी बोलणारी पोरं उंदी, रंड, मुंड असं ओठांतल्या ओठांत मोजायची आणि मीही त्यांच्याबरोबर मोजायला शिकलो. तीन, खोटं करून काढायचं नाही. माणूस जे करत नाही ते कॅमेऱ्यासाठी त्याच्याकडून करवून घ्यायचं नाही. आणि चौथा नियम सगळ्यात कडक. त्या बजावून सांगायच्या, “ज्याचं तोंड, पयला खेळ त्याचा.” सिनेमात ज्याचा चेहरा आहे, ज्याची गोष्ट आहे, त्याने तो सगळ्यांच्या आधी पाहायचा. तो नको म्हणाला तर तेवढं काढायचं. गुरनुले सरांनासुद्धा त्याआधी दाखवायचं नाही.

मला हा नियम जरा फाजीलच वाटायचा. एकदा मी तसं बोललो. बाईंनी मुरमुरे खायचे थांबवले.

“सर, माझी माय धानाच्या रोवण्याले जाय. मी असेन दुसरी-तिसरीत. एक दिवस बांधावर कोणीतरी गाडीतून उतरला, फोटो काढला अन् गेला. दोन-तीन वर्षांनं माय कामासाठी एका हापिसात गेली, तं भिंतीवरच्या कॅलेंडरात ती स्वतः. चिखलात वाकलेली. पाठीवरचा पोलका फाटलेला. सारे तिथंच बसून चहा पिऊन राह्यले होते. माय तशीच घरी आली. परत त्या हापिसात गेली नाई, काम अर्धंच राह्यलं. फोटो लय सुंदर होता, सर. मी पाहून आली. पण माझ्या मायले कोणी विचारलं काऊन नाई?”

मी उठलो आणि दोघांसाठी चहा टाकला.

आता मनीषा नरोटीबद्दल सांगायला हवं, कारण बाई खऱ्या कशा होत्या ते मला तिच्यामुळे कळलं. मनीषा सातवीत होती. माझ्या हाताखाली तिसरं वर्ष, आणि हजेरीच्या ‘हजर’पलीकडे तिचा आवाज मी ऐकला नव्हता. काही विचारलं की खाली बघायची. मी तिला मंद समजत होतो आणि तसं एकदा प्रगतीपुस्तकात थोड्या सभ्य शब्दांत लिहिलंही होतं. बाईंनी तिला बोलायला लावलं नाही. तिला म्हणाल्या, “तू गोंडीत सांग. मले समजलं नाई तं मी विचारीन.” मनीषा बाईंच्या कानाशी लागून गोंडीत सांगायची आणि बाई दर वाक्याला फक्त “मंग?” म्हणायच्या. समजत किती होतं देव जाणे. पण त्या ‘मंग’च्या मागे मागे ती पोरगी तास तासभर बोलायची.

मार्च लागला, मोहाची फुलं गळायला लागली आणि दरवर्षीप्रमाणे वर्ग रिकामे झाले. या दिवसांत पहाटे सगळं गाव टोपल्या घेऊन जंगलात असतं. गुरनुले सर दरवर्षी या काळात हजेरीपटाकडे बघून उसासे टाकायचे. बाई म्हणाल्या, “जाऊ द्या. मोबाईल घेऊन जाऊ द्या.”

मनीषा आपल्या आजीमागे अकरा पहाटा गेली. चैतीआजी म्हणजे तिच्या बापाची आई. वाळलेली, ताठ चालीची म्हातारी. मनीषाने आठ मिनिटांचा सिनेमा केला. अंधारात टोपली घेऊन निघालेली आजी, तिचे पाय, झाडाखाली वाकून एकेक फूल वेचणारा हात, अंगणात वाळत घातलेली फुलं, आणि वरून आजीचा गोंडी आवाज. आणि मधोमध ते दृश्य. एका झाडाची फुलं गळायच्या आधी, जमीन साफ व्हावी म्हणून आजी त्याखालचा पाला पेटवते. पहाटेचा निळा उजेड, पाल्यातून सरकत जाणारी तांबडी रेघ, धूर, आणि धुरात काठी घेऊन उभी आजी, अगदी माझ्या एक तृतीयांशच्या दोऱ्यावर. नियम मोडून बाईंनी ते तेवढं मला एकट्याला दाखवलं. त्यांनाच राहवलं नसेल. ज्या पोरीला मी मंद ठरवलं होतं तिने हे केलं होतं.

बाई नियम मोडतात हे गुरनुले सरांना कळायला वेळ लागला नाही. त्यांनीही सिनेमा पाहिला आणि दुसऱ्या दिवशी सगळीकडे फोन केले. जिल्ह्याच्या ठिकाणी शाळकरी मुलांच्या सिनेमांचा मेळावा भरणार होता. मोठे साहेब येणार होते, निवडक सिनेमे पडद्यावर दाखवणार होते. आपली शाळा त्यात असणार म्हणून सरांचे पाय जमिनीवर नव्हते. आजपर्यंत आमच्या शाळेचं नाव फक्त पावसात रस्ता बंद झाला की घेतलं जायचं. सिनेमा पाठवायची मुदत सोमवारची होती.

रविवारी दुपारी बाईंनी शाळेच्या टीव्हीवर चैतीआजीसाठी खेळ लावला. अर्धं गाव आलं. आजीला पुढे खुर्ची दिली, पण ती खालीच बसली. सुरुवातीला स्वतःचे पाय बघून ती तोंडावर पदर घेऊन हसली आणि शेजारणीला कोपराने ढोसलं. मग आगीचं दृश्य आलं. सगळे “वाह” म्हणाले. आजीचं हसू थांबलं. तिने मनीषाला जवळ घेऊन हळूच काहीतरी सांगितलं आणि मनीषाचं तोंड उतरलं.

“आजी म्हणते, हे नको,” मनीषा म्हणाली. मराठीत.

मागून ते चौकटवाले पाटील बोलले, “बराबर आहे तिचं. मोहाखाली आग लावाले बंदी हाय. जंगल पेटते म्हणून फारेस्टवाले धरून नेते. परसाल शेजारच्या गावच्या एका बाईले तीनदा बोलावलं. आता साहेबलोकाईसमोर हे दाखवाल तं म्हातारीचं काय होईन?”

बाईंचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. त्या धानाच्या मुलखातल्या, मी कोळशाच्या गावचा. आम्हाला त्यात फक्त उजेड आणि धूर दिसला होता. आणि मनीषाला तर मोहाखाली आग म्हणजे सकाळी अंगण झाडण्याइतकी रोजची गोष्ट. कुणाला काही सांगावं असं तिला वाटलंच नव्हतं.

गुरनुले सर घाईघाईने म्हणाले, “कोण ओळखते तिथी म्हातारीले? नाव काढून टाका. नाईतर तोंड धूसर करा.”

“सर, गावाचं नाव पत्रिकेवर छापून येईन,” बाई म्हणाल्या.

तेवढ्यात चैतीआजी स्वतःच उठली आणि तुटक मराठीत म्हणाली, “मी खराटा घेतो. पाला झाडतो. तसं काढा.” नातीचा सिनेमा बुडू नये म्हणून म्हातारी नाटक करायलासुद्धा तयार झाली होती. सरांचा चेहरा उजळला. खरं सांगतो, माझाही. वनखात्यालाही खराटाच हवा असतो, मग वाईट काय?

बाई आजीसमोर उकिडव्या बसल्या. “आजी, तुमी खरंच झाडून वेचता का?”

आजी हसली. “एवढं झाड. मी एकटी. कसं झाडीन?”

“मंग नाई काढायचं.”

“अहो बाई,” सरांचा आवाज चढला, “पोरीचं नुकसान करून राह्यले तुमी! एवढ्या वर्षांत एक संधी आली शाळेले. त्या आगीवाचून सिनेमात राह्यलं काय?”

हे खरं होतं आणि सगळ्यांना ते कळत होतं. मनीषा रडत होती. बाईंनी मोबाईल तिच्या हातात दिला. “सिनेमा तुझा हाय, गोष्ट आजीची हाय. चूक माझी हाय, मी पयले विचारायला पायजे होतं. आता तूच काप.”

पोरीने नाक पुसलं, बोटाने दृश्य शोधलं आणि कापलं. मग मधल्या भोकाकडे बघत बसली. पुढचं दृश्य मागच्याला जोडून टाकलं असतं तर कुणाला काही कळलंही नसतं. बाई तिच्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, “जोडू नको. जिथून काढलं तिथी रिकामं ठेव. काही होतं हे कळू दे.” मनीषाने तिथे काळा पडदा ठेवला. आवाज नाही, काही नाही. बरोबर दहा मोजून.

सिनेमा तसाच गेला. आश्चर्य म्हणजे निवडलाही गेला. पण मेळावा सप्टेंबरात होता आणि त्याआधी बदल्या लागल्या. बाईंना सिरोंच्याकडे टाकलं, थेट गोदावरीच्या काठी, जिथे पोरं घरी तेलुगू बोलतात. निरोपाच्या दिवशी गुरनुले सरांनी भाषण केलं आणि ते अर्धवटच सोडून खाली बसले. बाई गावातल्या प्रत्येक घरी जाऊन आल्या, म्हणून त्यांना निघायला संध्याकाळ झाली. माझ्या हातात त्यांनी कपाटाची किल्ली दिली आणि म्हणाल्या, “शनिवार आता तुमचा, सर.”

मेळाव्याला मनीषाला घेऊन मी गडचिरोलीला गेलो. आम्ही पोचलो तर सभागृहाच्या शेवटच्या रांगेत बाई. रजा टाकून आल्या होत्या. पहाटेची बस धरून सिरोंच्याहून तो सगळा मोडका रस्ता पार करून, मांडीवर पिशवी घेऊन बसलेल्या. “दोनच्या गाडीनं परत जायाचं हाय. सुट्टी एकाच दिवसाची देल्ली,” म्हणाल्या. मनीषाचा नंबर दीड वाजता होता. मी सारखा घड्याळाकडे बघत होतो, त्या मात्र मुरमुरे खात होत्या.

पडद्यावर आजी टोपली घेऊन निघाली. सभागृह शांत झालं. मग अंधार. एक, दोन, तीन. पुढच्या रांगेत कुजबुज सुरू झाली. चार, पाच. यंत्रावरचा माणूस घाबरून उठला आणि वायर चाचपायला लागला. कुणीतरी “लाईट गेली का?” म्हणालं, चार-दोन जण हसले. मी मनीषाकडे पाहिलं. तिचे ओठ हलत होते. दहा झाले आणि आजीचा हात फूल वेचायला लागला.

सिनेमा संपल्यावर मनीषाला मंचावर बोलावलं. मंचावर मोठे साहेब बसले होते, स्वभावाने बरे वाटले. ते म्हणाले, “फार छान. पण मधे काहीतरी तांत्रिक बिघाड झाला वाटतं. तेवढा भाग गेला.”

सूत्रसंचालन करणाऱ्या मॅडमनी मनीषासमोर माईक धरला. मला वाटलं ही आता खाली बघणार. माझी उठायची तयारी होती, काहीतरी सांगून वेळ मारून न्यायची.

“बिघाड नाई,” मनीषा म्हणाली. “तो भाग आजीचा हाय. तिनं नाई म्हटलं, म्हणून काढला.”

साहेब पुढे झुकले. “अच्छा? काय होतं त्यात?”

“सांगत नाई.”

सभागृहात हशा पिकला. मनीषा हसली नाही. माईकला हात लावून, साहेबांकडे बघत तिने पुन्हा सांगितलं, “आजीनं नाई म्हटलं ना. मंग मी कशी सांगीन?”

हशा विरला. साहेब मान हलवून म्हणाले, “बरोबर आहे. विचारायला नको होतं मी.” आणि टाळ्या वाजवायला सुरुवात त्यांनीच केली.

बक्षीस दुसऱ्याच सिनेमाला मिळालं, हेही सांगून टाकतो. मला त्याचा राग आला होता, अजून आहे. पण ते नंतरचं. त्या टाळ्यांत मॅडम म्हणाल्या, “या मुलीच्या मार्गदर्शक शिक्षकांनी कृपया मंचावर यावं.” मी बाईंना म्हटलं, “उठा.” त्यांनी डोळे पुसले, घड्याळाकडे पाहिलं आणि माझ्या पाठीत चक्क ढकललं. “तुमी जा. माझी गाडी चुकन.”

“बाई, हे बरं नाई.”

“जा म्हटलं ना! पोरगी एकटी उभी हाय तिथी.”

म्हणून मी गेलो. मंचावर चढून मनीषाच्या शेजारी उभा राहिलो. शाल आली, नारळ आला, मॅडमनी माईक माझ्यापुढे केला आणि नाव विचारलं. समोर भरलेलं सभागृह. मागच्या उघड्या दारात बाई खांद्याला पिशवी अडकवून बाहेरच्या उन्हात निघण्याच्या बेतात होत्या.

“नाव लिहून घ्या,” मी म्हणालो, आणि माझा आवाज मलाच मोठा वाटला. “रत्नमाला मेश्राम. जिल्हा परिषद शाळेच्या शिक्षिका. हे सगळं त्यांनी शिकवलं. पोरीला पण आणि मला पण. त्या तिकडे आहेत, दारात.”

सगळ्या माना मागे वळल्या. बाई दारातच थबकल्या. मनीषाने दोन्ही हात वर करून जोरजोरात हलवले. वर्गात पोरांनी गलका केला की करायच्या तसाच बाईंनी आम्हा दोघांना हात केला, पुरे झालं, बसा खाली. आणि पदर खोचून झपझप बस गाठायला गेल्या.